टेप कुठून लावायचा? बेळगाव भागातले तलाव, नाले आणि नदीकाठ

नाल्याशेजारी प्लॉट घेणारा प्रत्येकजण विचारतो, "किती मीटर सोडायचं?" ते मीटर कुठून धरायचे, हे मात्र फारसं कोणी विचारत नाही, आणि भानगड तिथेच होते. मे महिन्यात बळ्ळारी नाल्याची धार काही ठिकाणी एका ढांगेत ओलांडता येते. जुलैत तेच पाणी शहापूर-वडगावच्या शिवारात भातावर उभं असतं. विकणारा मे महिन्यातली कड दाखवतो. कागदावरची कड तिसरीच असते, आणि कायदा चालतो तो कागदावरच्या कडेवर.

आधी तलाव, कारण तिथे नियम सगळ्यात स्पष्ट आहे. कर्नाटकाचा तलाव संवर्धन व विकास प्राधिकरण कायदा २०१४ चा. त्याच्या १२ व्या कलमाप्रमाणे तलावाच्या जागेत आणि तलावाच्या हद्दीपासून ३० मीटरच्या आत घर, व्यापारी संकुल, करमणूक केंद्र, कारखाना यांतलं काही बांधता येत नाही. भराव किंवा कचरा टाकणं, बांध फोडणं, सांडव्याची उंची कमी करणं, येणाऱ्या-जाणाऱ्या पाण्याची वाट अडवणं, हे सगळं त्याच कलमात येतं. या कायद्यातली तलावाची व्याख्या नीट वाचून घ्यावी. पाणी असो वा नसो, महसूल दफ्तरात सरकारी तलाव, खराब तलाव, कट्टे, कुंटे अशा कुठल्याही नावाने नोंद असली की तो तलावच. पाणी आणणारे ओहोळ, बांध, सांडवा, बाहेर जाणारा पाट हेही त्यातच मोजले जातात. त्यामुळे "इथं वीस वर्षांत पाणी बघितलं नाही" या वाक्याला काडीची किंमत नाही.

३० मीटर म्हणजे साडेअठ्ठ्याण्णव फूट. ते पाण्याच्या काठापासून धरायचे नाहीत, तलावाच्या सर्व्हे नंबरच्या हद्दीपासून धरायचे. २०२५ च्या ऑगस्टमध्ये विधिमंडळाने या ३० मीटरच्या जागी तलावाच्या क्षेत्रफळानुसार टप्पे ठेवणारं दुरुस्ती विधेयक मंजूर केलं. त्यात लहान तळ्यांना अगदी थोडं अंतर आणि १०० एकरांवरच्या तलावालाच पूर्ण ३० मीटर अशी मांडणी होती. म्हणून अर्ज करायच्या दिवशी जो मजकूर लागू असेल तो राजपत्रातून काढून फाईलला लावा, एजंटाच्या तोंडी आकड्यावर जाऊ नका. माझं मत विचाराल तर गावातली लहान तळीच आधी बुजतात, त्यामुळे सूट द्यायची तर ती मोठ्यांना द्यायला हवी होती.

नाल्यांच्या बाबतीत बंगळूरचे आकडे बेळगावात सर्रास फेकले जातात. "७५ मीटर सोडावे लागतात" हा त्यातलाच एक. राष्ट्रीय हरित लवादाने मे २०१६ मध्ये बंगळूरच्या तलावांसाठी ७५ मीटर आणि राजकालुव्यांसाठी, म्हणजे पावसाचं पाणी वाहून नेणाऱ्या नाल्यांसाठी, त्यांच्या दर्जाप्रमाणे ५०, ३५, २५ मीटर सांगितले होते. सर्वोच्च न्यायालयाने ५ मार्च २०१९ ला ती अंतरं रद्द केली. त्याआधीचे ५०, २५, १५ मीटर बंगळूरच्या २०१५ च्या मास्टर प्लॅनमधले आहेत, आणि ते नाल्याच्या मध्यापासून मोजायचे आहेत. आपल्याकडे बुडाच्या (बेळगाव नगरविकास प्राधिकरणाच्या) मास्टर प्लॅनची विभाग नियमावली लागू. तिची प्रत घेताना दोन गोष्टी लेखी विचारा: हा नाला कुठल्या दर्जाचा धरला आहे, आणि अंतर मध्यापासून की काठापासून? आठ मीटर रुंद नाल्यात या एका फरकाने चार मीटर इकडचे तिकडे होतात. तीस बाय चाळीस फुटी प्लॉटमध्ये चार मीटर म्हणजे एक खोली आणि वर जिना.

तिसरा कायदा केंद्राचा, २०१७ चे पाणथळ नियम. त्यात गेल्या दहा वर्षांतल्या सरासरी उच्च पूरपातळीपासून ५० मीटरच्या आत बोटीच्या धक्क्याखेरीज कायमचं बांधकाम नाही. ऐकायला भक्कम वाटतं, पण त्यात दोन भोकं आहेत. एक म्हणजे नदीचं पात्र, भातखाचरं आणि खास पिण्याच्या पाण्यासाठी किंवा सिंचनासाठी बांधलेले जलाशय या नियमांतून वगळले आहेत. राकसकोप किंवा हिडकलच्या काठाला हा नियम थेट लावता येत नाही, तो त्यामुळेच. दुसरं, ही दहा वर्षं नियम लागू झाल्याच्या तारखेपासून मागे मोजायची आहेत, म्हणजे २०१७ पासून मागे. चिकोडी, अथणी, रायबाग, गोकाक पाण्याखाली गेलेला २०१९ चा पूर त्या सरासरीत येतच नाही, आणि २०२१ चाही नाही.

राहिल्या नद्या. कृष्णा, दूधगंगा, वेदगंगा, घटप्रभा, मलप्रभा, मार्कंडेय यांच्या काठासाठी तलावासारखा एकच ठळक आकडा दाखवता येत नाही. निपाणी-सदलग्याकडच्या लोकांचे पाहुणे कोल्हापूर-सांगलीत असतात, त्यामुळे निळी रेषा आणि लाल रेषा त्यांना ऐकून माहीत असतात: महाराष्ट्रात २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी, १०० वर्षांतल्या पुराची लाल. सीमेच्या अलीकडे त्या रेषा दाखवून काम होत नाही. इथे आधार आहे तो कर्नाटक भूमहसूल कायदा १९६४ च्या ६७ व्या कलमाचा, म्हणजे नदी, ओढा, नाला, तलाव यांचा तळ सरकारचा. त्याशिवाय बिनशेती परवानगीतल्या अटी असतात. म्हणून काठावर हॉटेल किंवा मंगल कार्यालय काढणाऱ्याने पायाची पातळी कायदा सांगेल याची वाट बघू नये. गावच्या देवळावर किंवा शाळेच्या भिंतीवर २०१९ ची खूण असते, तिथून डंपी लेव्हलने (पातळी मोजायच्या दुर्बिणीने) किंवा साध्या पाणीनळीने पातळी आणून जोतं तिच्या वर घ्यावं.

आता कागद. पहिल्यांदा दिशांक हे कर्नाटक भूमापन खात्याचं ॲप उघडून जागेवर उभं राहायचं. सर्व्हे नंबर, गाव नकाशावरचा नाला आणि तलाव तिथे दिसतात. हा फक्त अंदाज समजा, मोबाईलचं जीपीएस पाच-दहा मीटर सहज चुकतं. मग पहाणीचा उतारा, म्हणजे इथला सातबारा. क्षेत्राच्या रकान्यात फूट खराब (पोटखराब) 'अ' आणि 'ब' असे दोन आकडे असतात. 'अ' खराब म्हणजे पिकाला नालायक, पण मालकाच्या खात्यावरची जमीन. 'ब' खराब म्हणजे रस्ता, नाला, तळं, सार्वजनिक वापराची, ती विकताच येत नाही. दोन एकरांच्या उताऱ्यात ६ गुंठे 'ब' खराब असेल तर विकायला ७४ गुंठेच आहेत. नाला सहसा त्या ६ गुंठ्यांतच असतो, आणि लेआऊटमध्ये तो हळूच तीस फुटी रस्ता होऊन बसतो. उतारा कन्नडमध्ये असतो, वाचता येत नसेल तर हा रकाना जाणकाराकडून वाचून घ्यायला लाज बाळगू नये. आकारबंदाशी (सर्व्हे नंबरांच्या क्षेत्राच्या सरकारी नोंदवहीशी) आकडा ताडून पाहा, दोन्हीकडे वेगळा दिसला तर तिथेच थांबा.

त्यानंतर भूमापन खात्यातून मूळ टिप्पण, म्हणजे जुन्या मोजणीचा मापांसकटचा आराखडा, काढायचं. आपला भाग जुन्या मुंबई इलाख्यातला, म्हणून टिप्पणावरची मापं साखळी-आण्यात असतात. एक साखळी ३३ फूट, तिचे १६ आणे. ८-१२ लिहिलं असेल तर पावणेनऊ साखळ्या, म्हणजे २८८ फूट ९ इंच, ८८ मीटर. हे मीटरमध्ये करताना भले भले १२ आण्यांचे ०.१२ धरतात आणि जवळजवळ २१ फूट हरवतात. मग हद्दबस्तचा, म्हणजे हद्द मोजून कायम करायचा, अर्ज. मोजणीदार आला की पहिला दगड नाल्याच्या आजच्या काठावर ठेवू देऊ नका. गावाच्या तिकाटण्यापासून (तीन हद्दी मिळतात तिथल्या दगडापासून) किंवा जुन्या बांधदगडापासून सुरुवात करायला सांगा. शेजाऱ्यांना नोटीस पोचल्याची सही हवी, नाहीतर पुढे मोजणीच उडते.

परवानगी असूनही नाला मरतो तो मोरीमुळे. प्लॉटकडे जायला कोणीतरी ९०० मिलिमीटरचे दोन पाइप टाकून वर मुरूम ओततो. दोन पाइपांचा मिळून छेद सव्वा चौरस मीटर. नाला ४ मीटर रुंद आणि सव्वा मीटर खोल असेल तर त्याचा छेद ५ चौरस मीटर. म्हणजे चतुर्थांश वाट उरली, आणि त्यात पहिल्या पावसात जलपर्णी आणि प्लॅस्टिक अडकलं की तीही गेली. वरच्या बाजूच्या शेतात बासमती कुजतो आणि वाद लागतो तो शेजाऱ्याशी. मोरी करायचीच तर स्लॅबची करा, नाल्याची पूर्ण रुंदी सोडून, मध्ये खांब न घालता, आणि तळ काँक्रीटने वर उचलू नका.

काठ बांधून काढायची हौस दुसऱ्या जातीची. सरळ दगडी भिंत फोटोत चांगली दिसते. पण आपल्याकडे काळी माती. पुरात ती गच्च भिजते. धरणाचे दरवाजे मिटले की नदी एक-दोन दिवसांत खाली जाते, मातीतलं पाणी मात्र तसंच राहतं. समोरून पाण्याचा आधार गेला आणि मागून चिखलाचा दाब आला की भिंत नदीकडे कलते, पुरात नव्हे, पूर ओसरल्यावर. मागचं पाणी बाहेर सोडणारी गळभोकं भिंतीत नसतील तर हे ठरलेलंच. किमान ७५ मिलिमीटरचे पाइप, दीड-दोन मीटरवर आळीपाळीने, आणि त्यांच्या मागे खडी-वाळूचा गाळणथर. पायथा धारेने खणला जातो त्याहून खोल न्यायचा. एवढं करूनही समोरच्याचा काठ तुटायला लागतो, कारण प्रवाहाचा जोर तिकडे वळतो.

शक्य असेल तिथे काठ एकास दोन (उंची एक, आडवं दोन) उताराचा करून झाडोरा लावा. वाळ्याचे ठोंब १० ते १५ सेंटिमीटरवर, ओळी काठाला समांतर, दोन ओळींत उभं अंतर एक मीटर. वरच्या ओळी जूनच्या पहिल्या पावसावर. खालच्या ओळी मात्र पूर उतरल्यावर ऑक्टोबरात लावून हाताने पाणी द्यायचं, जूनमध्ये लावलेले ठोंब जुलैत कुडचीच्या पुढे वाहत गेलेले असतात. पाण्यालगत वाळुंजाचे अंगठ्याएवढे जाड, दोन-तीन फुटी तुकडे, दोन भाग मातीत आणि एक वर. मागे करंज, जांभूळ, उंबर. बेशरम लावू नका, ती फुकट मिळते आणि मग अख्खा नाला खाते.

सगळाच काठ उताराचा करू नये, हेही तितकंच खरं. उभ्या मातीच्या दरडीत कवड्या खंड्या बीळ खणतो. उन्हाळ्यात उघड्या पडलेल्या वाळूच्या पट्ट्यावर नदीसुरय आणि आर्ली अंडी घालतात, ट्रॅक्टर फिरतो तोही त्याच दिवसांत. कृष्णेची मगर साधारण फेब्रुवारी ते एप्रिल काठाच्या कोरड्या मातीत खड्डा करून अंडी घालते, पिलं पावसाच्या तोंडावर बाहेर येतात. म्हणून काठाचं काम, गाळउपसा, जेसीबी पूर उतरल्यावर नोव्हेंबर ते जानेवारीत उरकावं. गोकाक तालुक्यात धुपदाळला तर १९७४ पासून पक्षी अभयारण्यच आहे, सुमारे ३० चौरस किलोमीटरचं. हिवाळ्यात तिथे करकोचे उतरतात. त्यांना उथळ चिखल आणि निवांतपणा लागतो, बोटिंग नव्हे. अभयारण्याच्या हद्दीत पंचायतीचा दाखला पुरत नाही, १९७२ चा वन्यजीव कायदा आणि वनखातं मध्ये येतं.

भराव पडताना दिसला तर अर्ज तहसीलदारांना, प्रत डीसींना (जिल्हाधिकाऱ्यांना), कारण तलावांची जिल्हा समिती त्यांच्याच अध्यक्षतेखाली असते. शहरात मनपा आणि बुडाला वेगळा. अर्जात "नाल्यावर अतिक्रमण" एवढंच लिहिलं की तो फिरत राहतो. सर्व्हे नंबर, 'ब' खराबचे गुंठे, टिप्पणाची नक्कल आणि तारीख दिसणारे फोटो जोडा. हरित लवादाकडे जायची वेळ आली तर पुणे जवळ असलं तरी तिथे चालत नाही, कर्नाटकाची प्रकरणं चेन्नईच्या दक्षिण खंडपीठाकडे जातात, अर्ज ऑनलाइन करता येतो. मुदत सहा महिन्यांची, तक्रारीचं कारण पहिल्यांदा घडलं त्या दिवसापासून, आणि सबळ कारण दाखवलं तर आणखी ६० दिवस. तहसीलदारांच्या उत्तराची वाट बघत बसलं तरी हे दिवस मोजले जातातच, म्हणून पहिल्या डंपरचा फोटो तारखेसकट जपून ठेवा.