आण्णा, खोटी कुस्ती आणि झॅक रायडरचा बाप

२०११ साली मी पुण्यात इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होतो. चौघांच्या खोलीत एकच डोंगल. त्याचा पॅक वीस तारखेच्या आसपास संपायचा आणि उरलेले दहा दिवस स्क्रीनवर ते गोल चक्र फिरत बसायचं. त्यामुळं कोण काय बघतो यावर भांडणं ठरलेली. मी माझ्या वाट्याचं नेट ज्यावर उधळायचो ते बघून पोरं कपाळाला हात लावायची. न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवरचा एक पैलवान घरात बसून स्वतःचेच व्हिडिओ काढायचा. मी ते २४०पी वर लावायचो, लोड होईपर्यंत आंघोळ उरकायचो आणि मग बघायचो.

झॅक रायडर. डब्ल्यूडब्ल्यूई या अमेरिकेतल्या कुस्तीच्या कंपनीत होता, पगार मिळत होता, पण टीव्हीवर कोणी धड उभं करत नव्हतं. २००८ ला कर्ट हॉकिन्सबरोबर टॅग टीमचे, म्हणजे जोडीच्या कुस्तीचे पट्टे जिंकलेले, दोघं एज या बड्या पैलवानाचे चेले म्हणून मिरवायचे. नंतर त्याची जोडी फुटली आणि तो मागे पडत गेला. डोक्याला पट्टी, डोळ्याला गॉगल, टाइट्सचा एक पाय लांब आणि एक आखूड. फेब्रुवारी २०११ मध्ये त्यानं यूट्यूबवर ‘झी! ट्रू लाँग आयलंड स्टोरी’ नावाचा शो सुरू केला. (झी म्हणजे झॅकचा झी. झी मराठीचा काही संबंध नाही, हे मला रूममधल्या एकाला खरोखर समजावून सांगावं लागलं होतं.)

त्या शोमध्ये काय होतं? सांगायला गेलं तर काहीच नाही. मला टीव्हीवर घेत नाहीत, ही तक्रार. आठवड्याचा ‘ब्रोस्की’ कोण, ते जाहीर करणं. जिममधले, गाडीतले, हॉटेलच्या खोलीतले तुकडे. स्वतःच स्वतःला ‘इंटरनेट चॅम्पियन’ म्हणवून घेतलेलं आणि त्याचा पट्टाही करून घेतलेला. अधूनमधून त्याचा बाप यायचा, मूठ हवेत उडवायचा आणि ‘वू वू वू’ करायचा. आपल्याकडं एखाद्याचे वडील पोराच्या बारशात नाचतात ना, अगदी तसा.

उन्हाळ्याच्या सुट्टीत गावी आलो, लॅपटॉपवर हेच चाललेलं. आमचे आण्णा तरुणपणी तालमीत घुमलेले. कोल्हापूरच्या खासबागेत मैदान असलं की कारखान्याला दांडी मारून जाणार म्हणजे जाणार. अमेरिकन कुस्तीबद्दल त्यांचं मत एका शब्दात होतं, ‘नाटक’. मागनं येऊन उभे राहिले.

“ह्यो म्हातारा कोण रं?”

“त्या पैलवानाचा बाप.”

“बाप बी लढतोय?”

“नाही, नुसता बसतोय.”

“मग बरा हाय,” म्हणाले आणि गेले.

त्या काळात डब्ल्यूडब्ल्यूईच्या लेखी इंटरनेट म्हणजे माळा होता. टीव्हीवर नको झालेलं तिकडं टाकायचं. ‘हीट’ आणि ‘व्हेलॉसिटी’ हे कार्यक्रम आधीच अमेरिकेत टीव्हीवरून उतरून कंपनीच्या वेबसाइटवर गेले होते. २०११ च्या एप्रिलमध्ये ‘सुपरस्टार्स’ची तीच गत झाली. रायडर नेमका त्याच ‘सुपरस्टार्स’मध्ये लढायचा, म्हणजे माळ्यावर टाकलेल्यांतला. पण त्यानं त्याच माळ्यावर दिवा लावला आणि लोक वर यायला लागले.

मग स्टेडियममध्ये त्याच्या नावाचे बोर्ड दिसायला लागले. नोव्हेंबरमध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनला सर्व्हायव्हर सिरीज हा कंपनीचा मोठा कार्यक्रम होता. डॉल्फ झिगलर आणि जॉन मॉरिसन रिंगमध्ये जिवाच्या आकांतानं लढतायत आणि पब्लिक ओरडतंय, आम्हाला रायडर हवा! आपल्याकडं जत्रेच्या मैदानात नंबर एकची कुस्ती चालू असताना लोकांनी भलत्याच पैलवानाच्या नावानं हलगी वाजवावी, तसलं काहीतरी. शेवटी मॅच संपल्यावर त्याला आणावंच लागलं. १८ डिसेंबरला बाल्टिमोरमध्ये त्यानं झिगलरला हरवून युनायटेड स्टेट्सचा पट्टा घेतला. त्या दिवशी डोंगलमध्ये नेट नव्हतं, मी पैसे भरून कॅफेत जाऊन बघितलं.

आणि तिथूनच त्याचं उतरणीला लागलं.

महिनाभरात पट्टा जॅक स्वॅगर या पैलवानाकडं गेला. गोष्टीत रायडरला जॉन सीना या कंपनीच्या सगळ्यात मोठ्या स्टारचा दोस्त केलेलं. म्हणजे केन नावाच्या पैलवानाला सीनाचा राग आला की मार याला. फेब्रुवारीत व्हीलचेअरवर बसलेल्या रायडरला केननं स्टेजवरून खाली ढकललं. रेसलमेनियात, म्हणजे कंपनीच्या वर्षातल्या सगळ्यात मोठ्या कार्यक्रमात, ईव्ह टोरेस या महिला पैलवानामुळं त्याची टीम हरली आणि वर तिनं त्याला नको तिथं लाथ घातली. हे सगळं लिहून केलेलं असतं, मला माहीत आहे. पण कोणाबद्दल काय लिहायचं हे कोणीतरी खुर्चीत बसून ठरवतंच ना.

त्याच वर्षी त्याचा शो कंपनीच्या स्वतःच्या यूट्यूब चॅनेलवर गेला. मला वाटतं, खरा घाव तो होता. शोचा सगळा जीव ‘हे लोक मला घेत नाहीत’ या एका वाक्यात होता. आता ‘हे लोक’च निर्माते. सासूच्या ओसरीवर बसून सासूची गाऱ्हाणी कशी सांगणार? भाग येत राहिले, पण मी ते लोड करायला लावून आंघोळीला जाणं बंद केलं. पुढं शो बंदच पडला.

हे मला जरा जास्तच कळतं, कारण माझंही असंच झालंय. इंजिनिअरिंग कसंबसं संपवून मी लग्नाच्या शूटिंगमध्ये पडलो. मोकळ्या वेळात गावच्या तालमीतल्या पोरांचे व्हिडिओ टाकायचो. जोर-बैठका, खुराकावरून भांडणं, वस्तादांच्या शिव्या (बीप न करता). बरे चालले होते. मग एका लोकल चॅनेलवाल्यानं ‘आपण मोठं करू’ म्हणून ते घेतलं. कोपऱ्यात लोगो आला, मागं तुतारी आली, वस्तादांना नवं धोतर नेसवून ‘कुस्ती ही आपली संस्कृती’ असं बोलायला लावलं. चौथ्या भागाला वस्ताद म्हणाले, मला नको बाबा हे. मलाही नको होतं.

कंपनीनं स्वतः वेबवर काही चांगलं केलंच नाही असं मात्र नाही. जेबीएल आणि मायकल कोल या निवेदकांचा शो येडपट होता आणि मला आवडायचा. २०१७ ला ‘साउथपॉ रीजनल रेसलिंग’ आलं, ऐंशीच्या दशकातल्या गावठी कुस्ती कंपन्यांची टिंगल. त्यात सीना लान्स कॅटमरान नावाचा निवेदक झालेला. सीना इतका मोकळा टीव्हीवर कधी दिसला नाही.

पण रायडरचा धडा खरा गिरवला तो बाहेरच्यांनी. यंग बक्स, म्हणजे मॅट आणि निक जॅक्सन हे पैलवान भाऊ. डब्ल्यूडब्ल्यूईत नव्हतेच. २०१६ ला त्यांनी प्रवासात फोनवर शूट करत ‘बीइंग द एलीट’ सुरू केलं. विमानतळ, लॉकर रूम, फालतू विनोद, आणि त्या विनोदांच्या आतून सरकणारी एक गोष्ट. त्यातूनच कोडी ऱ्होड्स या पैलवानाला बरोबर घेऊन १ सप्टेंबर २०१८ ला शिकागोजवळ ‘ऑल इन’ हा कार्यक्रम झाला. दहा हजारांवर तिकिटं अर्ध्या तासाच्या आत संपली. १ जानेवारी २०१९ ला एईडब्ल्यू ही नवी कंपनी जाहीर झाली तीसुद्धा याच शोच्या भागात. ना पत्रकार परिषद, ना फेटे. त्याच एईडब्ल्यूनं पुढं ‘डार्क’ नावाचा शो यूट्यूबवर फुकट चालवला. नवी पोरं आणि ज्यांना टीव्हीवर जागा नाही ते सगळे तिथं. परत माळाच, फक्त या माळ्याला खाली यायचा जिना होता.

रायडरला २०२० च्या एप्रिलमध्ये काढलं. तो मॅट कार्डोना या खऱ्या नावानं उभा राहिला, पुढच्या वर्षी जीसीडब्ल्यू या छोट्या कुस्ती कंपनीत तिथल्या लोकांच्या लाडक्या निक गेजला हरवलं आणि लोकांनी रिंगमध्ये कचरा फेकला. तो खूश होता. पण ते नंतरचं. मला सांगायचंय ते २०१६ चं.

४ एप्रिल, सोमवार. आपल्याकडं पहाटेचे साडेचार-पाच. रात्रीची लाइट असल्यामुळं आण्णा उसाला पाणी पाजून नुकतेच आलेले, पायाला चिखल तसाच. मी रेसलमेनिया लावलेला. इंटरकॉन्टिनेंटल पट्ट्यासाठी सात जणांची शिडीची मॅच. रायडर त्यात होता तोच नेव्हिल नावाचा पैलवान जखमी झाला म्हणून, आयत्या वेळी. सातांतला मिझ शिडीवर बसून वर टांगलेल्या पट्ट्याकडं बघत मिरवत होता. रायडरनं त्याला खाली ढकललं आणि पट्टा काढून घेतला. मी एवढ्यानं ओरडलो की आई उठून बाहेर आली. मग रिंगमध्ये कोण आलं, तर तोच बाप.

“ह्यो त्यो न्हवं?” आण्णा चहाचा कप हातात धरून म्हणाले. “नुसता बसणारा?”

पाच वर्षांपूर्वी लॅपटॉपवर मिनिटभर बघितलेला माणूस. पैलवानाची चेहऱ्यांची आठवण जबर असते म्हणतात.

मंगळवारी पहाटे आण्णा आपणहून येऊन बसले. बोलले काहीच नाहीत, बसले. रॉ या कंपनीच्या दर आठवड्याच्या टीव्ही शोमध्ये पट्टा एका दिवसात गेला. मिझबरोबर मॅच, रिंगच्या बाजूला बाप, आणि मिझची बायको मरीस, तिनं येऊन त्या बापाच्या कानाखाली वाजवली. रायडरचं लक्ष गेलं, मिझनं डाव साधला.

आण्णा बराच वेळ गप्प.

“पट्टा काय, आज हाय उद्या न्हाई. पर बापाला कशाला मधी घेत्यात रं?”

“आण्णा, खोटं असतंय ते.”

“व्हय,” म्हणाले, “पर आवाज आला की.”