बैलाच्या नावानं

"मामा, मले डवरा धरायचा हाये," भाचा म्हणाला. डवरा म्हणजे पिकाच्या ओळींमधलं तण काढायचं बैलांचं अवजार. पुण्यातली नोकरी सुटल्यापासून तो आमच्याकडेच होता. आता, आमच्या यवतमाळकडे मामा भाच्याच्या पाया पडतो. दिवाळीत ज्याच्या पायाला हात लावायचा, त्याला जुलैत "डोये फुटले का बे" कसं म्हणावं? आणि शिव्यांशिवाय डवरा शिकवता येतो, हे मी तरी पाहिलेलं नाही. मी शिकलो तेव्हा बाबांचा आवाज तीन वावरं पलीकडे जायचा.

पराटी, म्हणजे कपाशी, वीतभर झाली होती. सोयाबीनच्या दोन तासांत, म्हणजे ओळींत, जेमतेम दीड फूट जागा, आमच्या पराटीत तीन. म्हणून पहिला धडा पराटीत. पाऊस उघडून वाफसा आला होता. ओल जास्त असली की काळी माती पासेला, म्हणजे डवऱ्याच्या पात्याला, चिकटते, तण कापलं न जाता नुसतं लोळतं. बैलांना मुसकी बांधली आणि कासरा त्याच्या हाती दिला.

नवशिका पासेकडे बघतो. साहजिक आहे, कापते तीच ना! पण नजर पायाशी गेली की डवरा तासावर चढलाच. बघायचं दोन बैलांच्या मधून, पुढं. रुमण्यावर, म्हणजे हातात धरायच्या दांड्यावर, जोर टाकला तर पास खोल जाऊन मुळं तोडते, सैल सोडलं तर वरवर घसरते. मग दाबायचं किती? सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. स्वतः रुमणं धरून पाहिलं तेव्हा कळलं, मी दाबत नव्हतोच, नुसतं तोलत होतो. इतकी वर्षं!

पहिल्या तासात त्यानं सात झाडं कापली. मी मोजली. मोजायला नको होती. तोंडाशी आलेलं सगळं मग धवळ्याला ऐकवलं : "काहून रे, झोपला का? समोर पाय ना! एवढा जोर कायले लावतं?" बैल रुमण्यावर जोर कसा लावेल, ते विचारू नका. बिचाऱ्यानं कान हलवला. लेकी बोले सुने लागे. भाच्याची मान वर झाली.

दुपारपर्यंत धवळ्यानं फार ऐकून घेतलं.

मग एका तासाला मी मागं मागं चालत होतो, हात आपसूक रुमण्याकडे गेलेला. भाच्यानं वळूनही पाहिलं नाही. समोर बघत मोठ्यानं म्हणाला, "धवळ्या, मामाले सांग बाप्पा, धुऱ्यावर जाऊन बसा थोडा वेळ."