पाणी न पिणारा धागा

राजाराम बंधारा पाण्याखाली गेला की कोल्हापुरात घरोघरी दोनच चौकशा असतात. पंचगंगा किती फुटांवर आली, आणि उद्या घालायला वाळलेलं काही आहे का? पहिलीचं उत्तर मोबाइलवर येतं. दुसरीसाठी माडीवर जाऊन दोऱ्या चाचपाव्या लागतात.

बनियन गार, टॉवेल जड, आईच्या सुती पातळाला कुबट वास सुटलेला. त्यांच्याच शेजारी पोराची फुटबॉलची जर्सी मात्र खडखडीत. संध्याकाळी पिळून टाकलेली, जेवणं होईतो वाळलेली! आईचा या कापडावर जुना राग. चैत्रात, जोतिबाच्या यात्रेच्या उन्हात, "प्लास्टिक घालून कसले हिंडता रे" हे तिचं पालुपद. आषाढ लागला की तीच म्हणते, "ती जर्सीच घाल जा आता, तेवढीच वाळलीया."

तसं तिचं प्लास्टिक म्हणणं खोटं नाही. पाण्याची बाटली आणि ही जर्सी, दोन्हींचं मूळ पॉलिस्टर एकच. खनिज तेलातून निघालेली रसायनं एकत्र आणायची, बनलेला माल वितळवायचा आणि बारीक छिद्रांतून ओढून धागा करायचा. १९४१ साली इंग्लंडात व्हिनफिल्ड आणि डिक्सन या दोघांनी तो काढला, त्याचंच पुढे टेरिलिन झालं. नायलॉन त्याच्या आधीचं. अमेरिकेत ड्यूपाँ कंपनीत कॅरोदर्स यांनी ते १९३५ मध्ये तयार केलं होतं.

मला गंमत वाटते ती अशी, की पॉलिस्टरचे बहुतेक गुण आणि बहुतेक खोडी एकाच स्वभावातून येतात. हा धागा पाणी पीत नाही. साध्या हवेत ठेवलेला कापूस आपल्या वजनाच्या साधारण ८.५ टक्के ओलावा धरून बसतो, नायलॉन ४ टक्क्यांच्या आसपास, आणि पॉलिस्टर जेमतेम ०.४ टक्के. म्हणजे जर्सी भिजते तेव्हा पाणी असतं ते धाग्यांच्या मधल्या फटींत, धाग्यात नाही. ते निथळलं, उडालं, की संपलं. कापसाला मात्र पोटातलं पाणीही सोडावं लागतं, आणि पावसाळ्यात बाहेरची हवाच ओली असल्यावर ते सोडणार कुठे?

पण पाणी आत शिरत नाही म्हटल्यावर पाण्यातून रंग तरी कसा शिरणार? कापूस पाण्यात फुगतो आणि रंग घेतो. पॉलिस्टरसाठी वेगळे रंग लागतात, शिवाय बंद भांड्यात दाबाखाली १३० अंशांपर्यंत तापवावं लागतं. तेव्हा कुठे धाग्याची वीण सैल होऊन रंग आत जातो. इचलकरंजीत १९०४ साली पहिला यंत्रमाग आला, तेव्हा कापडाला असला प्रेशर कुकर लागेल असं कुणाच्या स्वप्नातही नसेल. जर्सीवरची छपाई तर आणखी अजब. रंग आधी कागदावर छापतात, तो कागद कापडावर ठेवून २०० अंशांच्या आसपास दाबतात. रंगाची थेट वाफ होते आणि ती धाग्यात मुरते. म्हणून पेठेच्या टीमचा नंबर कितीही धुतला तरी सोलून निघत नाही.

जे पाणी पीत नाही ते घाम तरी काय पिणार! एप्रिलमध्ये शाहू स्टेडियमवर साधा पॉलिस्टरचा शर्ट घालून मॅच बघणाऱ्याला विचारा. खेळाच्या जर्सीत यावर एक युक्ती असते. धाग्याला लांबीभर बारीक खाचा ठेवतात, घाम त्या खाचांतून पसरत बाहेरच्या बाजूला येतो आणि तिथे उडतो. धुताना वासाचं सॉफ्टनर ओतलं तर त्याचा थर बसून ही युक्ती मंदावते. आमच्या घरात हे कुणाला पटत नाही, बाटली चालूच आहे.

आणि पाण्याशी जेवढं वाकडं, तेवढीच तेलाशी सलगी. मिसळीचा कट टेरिकॉटच्या, म्हणजे पॉलिस्टर आणि कापूस मिसळलेल्या कापडाच्या शर्टावर सांडला की खरी परीक्षा. आपण लगेच नळाखाली धरतो. पाणी वरून ओघळून जातं आणि तेल आतल्या आत पसरतं. आधी कोरड्यावरच भांड्यांचा साबण चोळावा, मग पाणी. त्वचेवरचं तेलही हा धागा असाच धरून ठेवतो. म्हणून धुतलेली जर्सी अंगावर थोडी तापली की मागच्या मॅचचा वास पुन्हा हजर.

इस्त्रीवाल्याची तऱ्हा वेगळी. त्याची इस्त्री कोळशाची, तिला कसला आकडा नाही की बटण नाही. पॉलिस्टर ८० अंशांच्या आसपासच मऊ पडायला लागतं आणि जास्त तापलं की चकाकतं. म्हणून तो सुती कपड्यांचा गठ्ठा आधी उरकतो, निखारा मंदावला की आमचे शर्ट घेतो, तेही वर ओलं फडकं टाकून. खरं तर त्यांना इस्त्री जवळजवळ लागतच नाही. कापड कारखान्यातच २०० अंशांच्या आसपास ताणून गरम केलेलं असतं, त्यामुळे धुतल्यावर ते आपणहून सपाट होतं. हे तोही जाणतो. "ह्याला कशाला आणता दादा, झटकायचं आन् घालायचं," असं प्रत्येक वेळी ऐकवतो. पैसे मात्र सुती शर्टाइतकेच घेतो. कोळसा तेवढाच जळतो, म्हणतो.