लेवीय वाचताना

मंगळवार, रात्र

आज बायबलातल्या लेवीय या पुस्तकाचा एकोणिसावा अध्याय झाला. रात्रीची जेवणं आटोपली, खरकटं काढलं, टेबल पुसलं की बायबल उघडायचं आणि एक अध्याय मोठ्याने वाचायचा, असं आमच्या घरात सध्या चाललं आहे. उत्पत्तीपासून ओळीने, मधलं काहीही न गाळता. महिला मंडळात हे सांगितलं की बायका म्हणतात, "लेवीय कशाला गं? स्तोत्रं वाचा, मनाला बरं वाटतं." स्तोत्रं वाचावीतच. पण लेवीय सोडून पुढे जायचं नाही, हे आता माझं पक्कं झालं आहे, आणि आजच्या वाचनाने तर फारच.

वॉचनाइटच्या, म्हणजे वर्षअखेरच्या रात्रीच्या उपासनेत दरवर्षी किती जण ठरवतात की या वर्षी पूर्ण शास्त्र वाचून काढायचं! जानेवारीत उत्पत्ति भराभर होते. अब्राहाम, याकोब, योसेफ, वाचताना थांबवत नाही. निर्गमात समुद्र दुभंगेपर्यंत आणि दहा आज्ञांपर्यंत सगळं ठीक. पंचविसाव्या अध्यायापासून निवासमंडपाची मापं लागतात, मग लेवीयमधले होमबली आणि अन्नबली, मग तेराव्यात चट्टे आणि कुष्ठ, आणि तिथे खूण अडकते ती पुढच्या डिसेंबरपर्यंत. हिशेब तसा सोपा आहे. सहासष्ट पुस्तकांचे मिळून 1189 अध्याय. सोमवार ते शनिवार रोज तीन आणि रविवारी पाच वाचले की वर्षात संपतात. रॉबर्ट मरी मॅकचेन या स्कॉटिश पाळकाने 1842 मध्ये आपल्या मंडळीसाठी एक तक्ता केला, त्यात तर जुना करार वर्षातून एकदा आणि नवा करार व स्तोत्रं दोनदा होतात. जगभर लोक आजही तो वापरतात. ज्यांना जमतं त्यांनी जरूर करावं. आमच्याकडे ह्यांची पहिली शिफ्ट, कंपनीची बस पहाटेच दारात, मला साडेआठला बाहेर पडायचं. आम्ही रोज एकच अध्याय धरला. त्या चालीने सव्वातीन वर्षं लागतील. लागू देत.

पहाटेच वाचलं पाहिजे असं सांगणारेही भेटतात. प्रभू पहाटे उठून एकांतात प्रार्थना करायला जात असे, हे मार्काच्या शुभवर्तमानात आहेच. पण मोशे अनुवाद नावाच्या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात सांगतो की घरी बसताना, वाटेने चालताना, निजताना, उठताना या वचनांविषयी बोला. त्यात आमचं जेवणाचं टेबलही आलं. ज्या वेळी सगळं घर हमखास एकत्र असतं ती वेळ धरावी, एवढंच मी आता विचारणाऱ्यांना सांगते. आणि सकाळी मोबाइलवर फुलांच्या चित्रासकट येणारं वचन म्हणजे वाचन नव्हे. नुसत्या चटणीने पोट भरत नाही, भाकरी लागते.

आज वाचायची पाळी ह्यांची होती. एकोणिसाव्यात सगळं एकामागून एक येतं. आईबापांचा मान, शब्बाथ, शेताच्या कडा, खोटी वजनं, चुगली, सूड. आणि दर दोनचार वचनांनी "मी परमेश्वर आहे", "मी परमेश्वर आहे". मनातल्या मनात वाचताना हे डोळ्यांखालून निघून जातं. मोठ्याने वाचलं की दारावर कोणी थाप मारतंय असं ऐकू येतं. तेराव्या वचनात मजुराची मजुरी सकाळपर्यंत आपल्याकडे ठेवू नको असं आहे. हे तिथेच थांबले. न्हाणीघराची फरशी बसवायला आलेल्या गवंड्याचे राहिलेले पैसे रविवारी द्यायचे ठरले होते, तोच म्हणाला होता, रविवारी द्या. ह्यांनी मोबाइल काढला, त्याला पैसे पाठवले, मोबाइल पालथा ठेवला आणि चौदावं वचन वाचायला घेतलं. एक शब्द बोलले नाहीत.

पण खरं आजचं वाचन आईंचं. माझ्या सासूबाई नगर जिल्ह्यातल्या, चौथीपर्यंत शिकलेल्या. शेताच्या कडा पूर्ण कापू नका, सरवा म्हणजे कापणीत गळून राहिलेलं वेचू नका, तो गरिबांसाठी आणि परक्यांसाठी राहू द्या, हे वाचून पुढे गेलो होतो. अध्याय संपल्यावर त्या म्हणाल्या, "मागचं ते परत वाच रे." ह्यांनी परत वाचलं. मग आई म्हणाल्या, "भुईमूग काढून झाला की माझी आई मला घेऊन शेंगा वेचायला जायची. बांधावर मालक दिसला की ती ओटा सोडून उभी राहायची, चोरी केल्यासारखी. हे देवानं आपल्यासाठी ठेवायला सांगितलंय, हे तिला कुणी वाचून दाखवलंच नाही."

कोणालाच लगेच काही बोलता आलं नाही. नंतर मी रूथचा दुसरा अध्याय काढला. मवाबी विधवा सासूला जगवायला बवाजाच्या शेतात सरवा वेचायला जाते, आणि बवाज गड्यांना सांगतो की पेंढ्यांतली कणसं तिच्यासाठी मुद्दाम टाकत जा. रूथची गोष्ट आम्ही शब्बाथशाळेपासून ऐकत आलो. पण ती शेतात जाऊ शकली ती लेवीयमधल्या या दोन वचनांच्या आधाराने. ती गेली म्हणून बवाजाशी तिचं लग्न झालं, त्यांचा मुलगा ओबेद, ओबेदाचा इशाय, इशायाचा दावीद, आणि मत्तयाच्या शुभवर्तमानात येशूच्या वंशावळीत पहिल्याच पानावर तिचं नाव. आपण जे पान कोरडं म्हणून उलटतो, त्यावर आपल्या प्रभूची वंशावळ उभी आहे! आईंना हे सांगितलं तर म्हणाल्या, "मग माझ्या आईचंही नाव कुठंतरी असंल."

पंडिता रमाबाई वारंवार आठवतात मला. हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी केडगावला मुक्ती मिशनमध्ये बसून सगळं बायबल साध्या मराठीत आणलं, आणि ते छापायचं काम तिथल्याच बायकांनी केलं. 5 एप्रिल 1922 रोजी त्या गेल्या, तोवर शेवटची मुद्रितं तपासत होत्या. पुण्यापासून दौंडच्या गाडीने केडगाव काही लांब नाही. आईंच्या आईसारख्या बायांच्या कानावर हे पडावं, यासाठीच ते सगळे कष्ट होते. पुस्तक घरात असून ते आम्ही कपाटात कापडात गुंडाळून ठेवायचं, हे मला सहन होत नाही.

मुलगा रामवाडीहून मेट्रोने डेक्कनला कॉलेजला जातो, तेव्हा कानात नव्या करारातलं प्रेषितांची कृत्ये हे पुस्तक ऐकतो. परवा सांगत होता, आठव्या अध्यायातला तो कूशी अधिकारी रथात बसून यशया संदेष्ट्याचं पुस्तक वाचत होता, आणि फिलिप्प या सुवार्तिकाला ते ऐकू गेलं, म्हणजे तो मोठ्यानेच वाचत असणार. "समजतंय का?" असं फिलिप्पाने विचारलं तर तो म्हणाला, कोणी सांगितल्याशिवाय कसं समजणार. घरात एकमेकांनी एकमेकांचं फिलिप्प व्हायचं, दुसरं काय! आज पिकल्या केसांपुढे उठून उभं राहा हे बत्तिसावं वचन आलं तेव्हा तो खरंच आजीसमोर उभा राहिला. आजीने त्याला हात धरून खाली बसवलं, पण डोळे भरले होते. दोन प्रकारच्या धाग्यांचं कापड घालू नका असं का म्हटलं आहे, हेही त्यानेच विचारलं. आमच्यापैकी कोणालाही सांगता आलं नाही. वहीत लिहून ठेवलं आहे, रविवारी उपासनेनंतर पाळकसाहेबांना विचारायचं.

उद्या विसावा अध्याय. त्यात दगडमाराच्या शिक्षा आहेत. हे म्हणाले, हा मनातच वाचू या का. आई म्हणाल्या, "नाही, मोठ्यानंच. उद्या माझी पाळी, मी वाचते." चष्मा पुसून त्यांनी आत्ताच बायबलाशेजारी ठेवला आहे.