खोक्यात मावलेली सायकल

शनिवार, रात्रीचे साडेअकरा. तिरुवनंतपुरम.

दोन्ही खोकी बंद झाली. पलंग आणि भिंत यांच्यामधल्या पट्टीत उभी केली आहेत. बाथरूमला जायचं तर आडवं होऊन सरकावं लागतं. वहिनी झोपल्या. मी जागीच.

पनवेलजवळच्या पळस्पे फाट्यावरून सायकलींवर निघालो त्याला आज सतरा दिवस झाले. 66 नंबरचा हायवे आमच्या पनवेललाच सुरू होतो आणि थेट कन्याकुमारीला संपतो. घराजवळून निघालेला रस्ता शेवटपर्यंत चालवून बघायचा, एवढंच मनात होतं. महाड, चिपळूण, सावंतवाडी, कारवार, उडुपी, कोळिकोड, कोल्लम... गुरुवारी संध्याकाळी समुद्र आला आणि पुढे रस्ताच उरला नाही. शिळेवरचं विवेकानंद स्मारक समोर दिसत होतं. ते उभं करायला झटणारे एकनाथ रानडे अमरावतीकडचे, हे वहिनींनी तिथे सांगितलं. काल परत नव्वद किलोमीटर मारून इथे आलो.

खरं तर नेत्रावती एक्सप्रेस पनवेललाच सोडते. सायकली पार्सलच्या डब्यात टाकून रात्र-दिवस बसून गेलो असतो. पण वहिनींची रजा उद्या संपते, म्हणून विमान.

सकाळी सायकलच्या दुकानात खोकी मागायला गेलो. नव्या सायकली ज्या पुठ्ठ्याच्या खोक्यांतून येतात तीच. दुकानदार ती रद्दीत घालतात, त्यामुळे आधी सांगून ठेवलं तर मिळतात. इथल्या दादांना मराठी-हिंदी येत नव्हतं, आम्हाला मल्याळम येत नव्हतं. पण खोक्याबरोबर त्यांनी न मागता दोन प्लॅस्टिकचे तुकडे हातात ठेवले. पुढचं चाक ज्या दोन पायांच्या चिमट्यात बसतं तो फोर्क; चाक काढल्यावर हे तुकडे त्या पायांमध्ये बसवायचे. वरून वजन पडलं तरी फोर्क मिटत नाही. भाषा न कळता माणूस इतकी नेमकी काळजी घेतो, याचं मला दिवसभर बरं वाटत राहिलं.

दुकानात पैसे देऊन सायकल बांधून मिळते. तरी आम्ही स्वतःच बांधायचं ठरवलं, आणि ते बरोबरच केलं असं आता वाटतं. सोळाशे किलोमीटर जिच्यावर बसले, तिचा एकेक भाग हातात घेऊन बघायला मिळाला.

पहिला अडसर डाव्या पायडलचा. उजवं पायडल नेहमीच्या आट्याचं, ते सुटलं. डाव्याचे आटे उलटे असतात, हे वाचलेलं होतं, पण सायकल उलटी ठेवल्यावर कुठली दिशा कुठली ते कळेना आणि मी जोर लावून ते आणखी घट्ट करत गेले. वहिनी म्हणाल्या, "थांबा, सायकल सरळ उभी करा. पाना वर धरा आणि मागच्या चाकाकडे ओढा. दोन्ही बाजूंना तेच." तसं केलं. दांडा लांब असलेला पाना लागला, दुकानातून मागून आणला. कट्कन आवाज झाला आणि ते सुटलं.

सीट काढण्याआधी दांड्यावर टेपची खूण केली. ही खूण फार मोलाची. उंची बोटभर चुकली तरी गुडघे दुसऱ्या दिवशी सांगतात. हँडल सोडवून फ्रेमला समांतर बांधलं. मागचं गिअर जिथे अडकवलेलं असतं तो हँगर हा छोटासा पत्रा सगळ्यात नाजूक, मुद्दाम मऊ केलेला, म्हणजे आपटलं तर तो वाकावा आणि फ्रेम वाचावी. म्हणून गिअरच सोडवून, चेनसकट फोममध्ये गुंडाळून, आतल्या बाजूला बांधलं. एसीच्या पाइपवर चढवतात तो काळा फोम फ्रेमच्या नळ्यांवर घातला. ब्रेकपॅडच्या मध्ये पुठ्ठ्याची घडी सरकवली, नाहीतर चाक नसताना चुकून ब्रेक दाबला गेला तर पॅड मिटून बसतात.

टायरची हवा. निघताना घरात प्रत्येकाने सांगितलं होतं, "हवा काढा हं, वर गेल्यावर फुटतो." तसं होत नाही. सामान ठेवतात त्या भागातही प्रवाशांच्या केबिनइतकाच दाब राखलेला असतो. जमिनीवरच्या आणि तिथल्या दाबातला फरक जेमतेम 4 पीएसआय. पण विमान कंपन्या हवा कमी करायला सांगतात आणि वादात अर्थ नाही. थोडी ठेवली, रिमला आधार राहावा म्हणून.

पंक्चरचं सोल्यूशन मात्र नेता येत नाही, ते पेट घेतं. चेनचं तेलही आम्ही ठेवलं नाही. या दोन्ही वस्तू लॉजमध्ये काम करणाऱ्या मुलाला दिल्या, त्याची स्वतःची सायकल मागच्या अंगणात उभी होती. पॉवर बँक आणि चार्जिंगचे दिवे हातातल्या पिशवीत, पाने आणि कटर खोक्यात.

हातकाट्यावर 16 किलो 400. साध्या तिकिटात 15 किलोच, पण सायकलीचे वेगळे पैसे आधीच फोन करून भरले आहेत.

खोक्यात एवढीशी दिसते ती. आत हात घातला तर बोटांना लाल माती लागली. ती कणकवलीची असणार, हिरव्या केरळात तशी धूळ बसलीच नाही.

सोमवार, पनवेल.

काल पहाटे रिक्षावाल्यांनी खोकं मागच्या सीटवर आडवं घातलं, आम्ही दोघी दोन रिक्षांत. विमानतळाजवळ त्यांनी सांगितलं, वर्षातून दोनदा पद्मनाभस्वामींची आराट्टूची, म्हणजे देवाच्या स्नानाची, मिरवणूक याच धावपट्टीवरून शंखुमुखमच्या समुद्रावर जाते आणि तेवढे तास विमानं थांबतात. मला एकदम दिवेघाटातली पालखी आठवली. वाट आधी देवाची होती, विमानं नंतर आली.

काउंटरवर पाऊण तास गेला. पैसे भरल्याची पावती दाखवूनही "एवढं मोठं जाणार नाही" हेच ऐकावं लागलं. मग वरिष्ठ आले, टेपने खोकं मोजलं, आणि मोडतोड झाली तर कंपनी जबाबदार नाही अशा कागदावर सही घेतली. ती सही करताना फार वाईट वाटलं. मोठं सामान वेगळ्या दाराने जातं. तिथे मशीनमध्ये घालण्याआधी एका जवानाने विचारलं, "कहाँ से चलाया?" पनवेल म्हटल्यावर त्याने खोकं आपल्या हातांनी उचलून सरळ उभं ठेवलं.

मुंबईला बेल्टवर आम्ही दोघी उगाच वाट बघत होतो. असं सामान बेल्टवर येत नाही, बाजूच्या शटरमधून आणून देतात. माझ्या खोक्याचा एक कोपरा फाटून पुढचं दातेरी चक्र बाहेर आलेलं. हृदय धडधडलं.

आज दुपारी जोडली. टेपच्या खुणेवर सीट, ग्रीस लावून आधी हाताने आणि मग पान्याने पायडल. हँगर सरळ, गिअर नीट पडतात. पण पुढच्या ब्रेकची डिस्क किंचित वाकली आहे. चाकासोबत ती खोक्यात तशीच ठेवली, ही चूक माझी. सहा स्क्रू काढून डिस्क वेगळी पुस्तकात ठेवावी तशी सपाट गुंडाळायला हवी होती. वहिनींनी स्वतःच्या काढल्या होत्या.

संध्याकाळी वडाळे तलावाला एक फेरी मारून आले. दर फेऱ्याला एकदा खस्स असा आवाज. उद्या दुकानात नेते. माती अजून पुसलेली नाही.