नोंद 6: हँड जॅम एकदाचा बसला

हँड जॅम म्हणजे खडकाच्या भेगेत पंजा अडकवून वर चढायचं तंत्र; त्यासाठी महिनाभर एकाच भेगेशी झटतोय. काल पहिल्यांदा उजवा पंजा आत अडकवला, डावा हात पूर्ण सोडला आणि दोरावर भार न टाकता उभा राहिलो. हाताच्या पाठीवरची तीन सालपटं निघाली. चालायचंच.

इतके दिवस मी मूठ आवळून भेगेत खुपसत होतो. खरं तर पंजा सैल, सपाट आत सरकवायचा आणि मग अंगठा तळव्यात दुमडायचा. अंगठ्याच्या बुडाचा स्नायू फुगतो, तळवा एका भिंतीला आणि हाताची पाठ दुसऱ्या भिंतीला दाबून बसते. बोटांनी काही धरायचंच नसतं, आणि सवयीपायी नेमकं तेच सुटत नाही.

हे खूळ लागलं ब्रिटिश गिर्यारोहक जो ब्राउनमुळे. 1930 साली मँचेस्टरमध्ये जन्म, सात भावंडांतलं शेंडेफळ, वडील गेले तेव्हा वर्षाचाही नव्हता. पोटासाठी प्लंबिंगचं काम. पहिला दोर म्हणजे आईने टाकून दिलेली, कपडे वाळत घालायची दोरी! (हे करून बघू नका.) सुट्टी मिळाली की इंग्लंडमधल्या पीक डिस्ट्रिक्टच्या ग्रिटस्टोनवर, म्हणजे भरड वालुकाश्मावर. त्या खरखरीत दगडात बोटांना धरायला फारसं काही नाही, भेगा मात्र भरपूर. तिथेच त्याचा हँड जॅम घोटला गेला.

आणि तो कामी कुठे यावा? 25 मे 1955, कांचनजंगा, 8586 मीटर. तोवर त्यावर कोणी चढलेलं नव्हतं. माथा अगदी जवळ, आणि वाटेत खडकाची उभी भेग, जेमतेम वीस फुटांची. ब्राउनने ऑक्सिजन वाढवला आणि हात अडकवत वर गेला. मागून त्याचा जोडीदार जॉर्ज बँड. माथ्यावर पाय ठेवणार नाही असा सिक्कीमच्या महाराजांना शब्द दिला होता म्हणून शेवटची काही पावलं दोघांनी टाकलीच नाहीत.

गंमत पुढची आहे. दुसऱ्या दिवशी त्याच मोहिमेतले हार्डी आणि स्ट्रेदर आले, थोडं पुढे वळून बघतात तर सोपा बर्फाचा उतार. भेगेला हातही न लावता वर पोचले! मला मात्र ब्राउनचीच वाट जास्त आवडते.

पुढच्या खेपेला डावा हात. टेप गुंडाळून.