पहाऱ्यावरचा माणूस

व्हिडिओ गेममधला पहारेकरी बिचारा मरण्यासाठीच जन्माला आलेला असतो. दाराशी उभं राहायचं, हिरो आला की दोन गोळ्या हुकवायच्या आणि तिसरी खायची, एवढीच त्याची नोकरी. पडला की थोड्या वेळानं त्याचं प्रेतही पडद्यावरून नाहीसं होतं. क्रियाकर्माचा खर्चसुद्धा नाही.

‘मेटल गिअर’ या जपानी मालिकेनं मला या माणसाकडे टक लावून बघायला शिकवलं. या गेममध्ये लढण्यापेक्षा लपायचं असतं, आणि ज्याला लपायचंय त्याला समोरचा कधी वळतो, कुठे रेंगाळतो, जांभई कधी देतो हे सगळं पाठ असावं लागतं. वॉचमनला सोसायटीच्या चेअरमनपेक्षा चोर जास्त ओळखतो. मालिकेवर आजवर पुष्कळ लिहिलं गेलंय, त्यातलं बहुतेक तिच्या नायकावर, सॉलिड स्नेकवर, नाहीतर तिच्या कर्त्यावर, हिदेओ कोजिमावर. मला विचाराल तर तिचा इतिहास लिहायचा तो पहारेकऱ्याचा.

सुरुवात अडचणीतून झाली. कोजिमा अर्थशास्त्र शिकलेला. १९८६ मध्ये तो कोनामी कंपनीत लागला आणि त्याची नेमणूक झाली एमएसएक्स नावाच्या घरगुती संगणकाच्या विभागात. त्याला जायचं होतं निन्टेंडोच्या, म्हणजे टीव्हीला जोडून खेळायच्या यंत्राच्या विभागात. वर काम गळ्यात पडलं ते युद्धाचा गेम करायचं. एमएसएक्स२ ची तब्येत अशी, की पडद्यावर एका आडव्या ओळीत आठाहून जास्त हलती चित्रं आली की नववं दिसेनासंच व्हायचं. सैनिक, शत्रू, गोळ्या सगळं यात कोंबून लढाई दाखवणार कशी? कोजिमानं लढाईच वगळली. शत्रू मोजके, गोळ्या त्याहून मोजक्या, आणि नायकानं सगळ्यांना चुकवून आत शिरायचं. निघताना खिशात काय, तर सिगारेटी. जुलै १९८७ चा हा पहिला ‘मेटल गिअर’. नाव पडलं ते शत्रूच्या तळावर लपवलेल्या, दोन पायांवर चालणाऱ्या आणि अण्वस्त्र डागणाऱ्या रणगाड्यावरून.

लपाछपीचा हा काही जगातला पहिलाच गेम नव्हे. अमेरिकेत सायलस वॉर्नरनं १९८१ मध्येच अ‍ॅपल २ साठी ‘कॅसल वोल्फेनस्टाइन’ लिहिला होता, त्यात नाझींचा गणवेश चढवून त्यांच्याच किल्ल्यातून निसटता यायचं. पण एकाच घरात हा धंदा पिढ्यान् पिढ्या चालला तो कोजिमाकडे.

तर १९८७ चा पहारेकरी. हा गृहस्थ अक्षरशः नाकासमोर बघायचा. त्याच्या सरळ रेषेत आलात की डोक्यावर उद्गारचिन्ह उमटायचं आणि धावपळ सुरू. रेषेच्या जरा तिरकं उभं राहिलात, अगदी हातभर अंतरावर, तरी याला पत्ता नाही. एक उद्गारचिन्ह दिसलं तर शेजारच्या पडद्यात, म्हणजे तळाच्या पुढच्या चौकटीत, पळून जायचं. तो मागे यायचा नाही, झालं गेलं विसरून जायचा. काही जण तर उभ्या उभ्या डुलक्या काढत. सरकारी खात्यात शोभला असता.

या पहिल्या गेमची निन्टेंडोवरची आवृत्ती कोजिमाला न घेताच तयार झाली आणि तिच्यात रणगाडाच नव्हता. ‘मेटल गिअर’ नावाच्या गेममध्ये मेटल गिअर नाही! त्याच्या जागी एक संगणक ठेवला आणि तो फोडा म्हणून सांगितलं. तरी अमेरिकेत ती चालली, मग तिचा पुढचा भागही निघाला, तोही कोजिमाशिवाय. त्या भागावर काम करणारा एक सहकारी कोजिमाला रेल्वेत भेटला आणि म्हणाला, खरा दुसरा भाग तुम्हीच करायला हवा. त्यातून १९९० मध्ये ‘मेटल गिअर २: सॉलिड स्नेक’ आला.

इथे पहारेकऱ्याला मान मिळाली. वळणारी मान. तो डावीकडे उजवीकडे बघू लागला, पावलांचा आवाज ऐकू लागला, एका पडद्यातून दुसऱ्या पडद्यात पाठलाग करू लागला. हुशारी मात्र बेताचीच. एका ठिकाणी लेझरचं कुंपण आहे आणि ते फक्त रात्री बंद होतं. उपाय काय? घुबडाचं अंडं मिळवायचं, ते उबवून पिल्लू काढायचं आणि कुंपणाजवळ नेऊन त्याला घुत्कारू द्यायचं. पहारेकऱ्याला वाटतं रात्र झाली, आणि तो बटण बंद करतो. या माणसाबद्दल मला तेव्हापासून माया आहे. ड्युटीवर असताना घड्याळाऐवजी घुबडावर विश्वास ठेवणारा माणूस दुष्ट कसा असेल?

मग आठ वर्षं शांतता, आणि १९९८ मध्ये प्लेस्टेशनवर ‘मेटल गिअर सॉलिड’. आपल्याकडे ही मालिका खऱ्या अर्थानं पोचली ती इथून, आणि तीही मागच्या दारानं. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर प्लास्टिकच्या पाकिटातल्या, वर मार्करनं नाव लिहिलेल्या सीडी मिळायच्या. आता या गेममध्ये एक गंमत आहे. मेरिल नावाच्या मुलीशी वायरलेसवर बोलायचं असतं आणि तिची फ्रीक्वेन्सी सांगताना नायकाला म्हणतात, सीडीच्या पाकिटाच्या मागे बघ. म्हणजे गेममधल्या नव्हे, दुकानातून आणलेल्या पाकिटाच्या मागे. तिथे एक छोटं चित्र छापलेलं असे आणि त्यात १४०.१५ हा आकडा. ज्यांच्या पाकिटाच्या मागे काहीच नव्हतं ती पोरं तिथेच अडली, मग कुणाचा तरी मोठा भाऊ कुठून तरी आकडा घेऊन आला. त्याच काळात बहुसंख्य पोरं नेट कॅफेत ‘आयजीआय’ खेळत होती. तो नॉर्वेतल्या कंपनीचा गेम. त्यातले शिपाई मैलभरावरून दिसायचे आणि मैलभरावरून मारायचे. त्यांच्याशी ओळख होण्याइतका वेळ कधी मिळाला नाही.

‘सॉलिड’मध्ये ओळख होते. स्थळ अलास्काजवळचं शॅडो मोझेस बेट, बर्फ पडतोय. पहारेकऱ्याला तुमच्या पावलांचे ठसे दिसतात, तो ते हुंगल्यासारखा वाकून त्यांच्या मागे जातो. भिंतीवर टकटक केली की बघायला येतो. आणि याच गेममध्ये जॉनी ससाकी अवतरला. नायक कोठडीत असताना त्याच्या दाराशी बसवलेला हा शिपाई. याचं पोट बिघडलेलं आहे. मिनिटामिनिटाला पोट धरून संडासाकडे धावतो. मेरिलनं याला आधीच ठोकून याचे कपडे पळवलेले असतात, शिवाय याची सर्दी नायकालाही लागते, आणि मग तुम्ही खोक्याखाली लपून बसलेले असताना नायक शिंकतो. इतका निरुपद्रवी शत्रू मी दुसरा पाहिला नाही.

हा जॉनी कोजिमानं सोडला नाही. २००१ च्या दुसऱ्या ‘सॉलिड’मध्ये लांबचा आवाज टिपणारा माइक भिंतीवर रोखला तर संडासातून त्याचं कण्हणं ऐकू येतं. २००४ च्या तिसऱ्यात, जो १९६४ सालात घडतो, त्याचा आजोबा भेटतो. तोही जॉनी, तोही कोठडीवरच. आणि २००८ च्या चौथ्या भागात हा पोटाचा रोगी मेरिलच्याच तुकडीत दाखल आहे. जगभरच्या सैनिकांच्या अंगात सुईनं सूक्ष्म यंत्रं टोचलेली आहेत, यानं मात्र सुईच्या भीतीनं ती टोचून घेतलेली नाहीत. म्हणून पोट बिघडतं, आणि म्हणूनच सगळ्यांची यंत्रं बिनसतात तेव्हा हा एकटा धड उभा असतो. गोळीबार चालू असताना तो मेरिलला लग्नाचं विचारतो आणि शेवटी लग्न लागतं. दहा वर्षांपूर्वी जिनं कपडे पळवले तिच्याशीच! चौथ्या भागातल्या तासन् तास चालणाऱ्या दृश्यांना लोक कंटाळले, मीही काही ठिकाणी उठून चहा टाकला. पण या लग्नासाठी सगळं माफ.

माझ्या भाच्याला हे पटत नाही. तो बीजीएमआय या मोबाइलवरच्या गोळीबाराच्या गेमवर वाढलेला. मी लॉकरमध्ये लपून फटीतून बघत बसलो होतो तर शेजारी बसून म्हणाला, “मामा, याला उडव ना सरळ! किती वेळ बघतोयस त्याच्याकडे?” मी म्हटलं, याचं नाव बघ आधी. दुसऱ्या ‘सॉलिड’मध्ये तशी सोय आहे. पहारेकऱ्याच्या मागून जाऊन बंदूक रोखायची, तो हात वर करतो, मग समोर येऊन धमकावलं की गळ्यातला बिल्ला टाकतो. त्यावर नाव असतं. प्रत्येकाचं वेगळं. याच भागात ते वायरलेसवरून वेळोवेळी ‘सगळं ठीक’ असं कळवतात. एकानं कळवलं नाही तर बाकीचे शोधायला येतात. म्हणजे आपण बेशुद्ध केलेल्या माणसाची कुणीतरी वाट बघत असतं. खेळाच्या सोयीसाठीच केलेलं आहे हे, कळतं मला. तरी.

तिसऱ्या भागात रशियाचं जंगल आहे. शत्रूचं धान्याचं गोदाम उडवलं तर पहारेकरी उपाशी राहतात, मग वाटेत टाकलेलं कुजकं मांससुद्धा उचलून खातात आणि ओकतात. हे पहिल्यांदा केलं तेव्हा फार हसलो होतो. पुढे एक नदी येते. तिच्यात ‘द सॉरो’ नावाचा एक मेलेला माणूस उभा असतो, आणि तोवर तुम्ही ज्यांना मारलं ते सगळे समोरून चालत येतात. ज्याचा गळा कापला तो गळा धरून, जाळला तो जळत. पन्नास मारले असतील तर पन्नास. एखाद्याच्या प्रेतावर बसलेलं गिधाड मारून खाल्लं असेल तर तो तेही सुनावतो. न मारता, नुसतं झोपवून आलात तर नदी जवळजवळ रिकामी. गेममध्ये बटण दाबण्याचा हिशेब कुणी असा ठेवलेला मी तोवर पाहिला नव्हता, आणि त्यानंतरही फारसा नाही. याच भागात शंभरी ओलांडलेला एक नेमबाज आहे. त्याच्याशी लढाई चालू असताना गेम सेव्ह करून आठवडाभर बंद ठेवला तर तो म्हातारपणानं वारतो. काही लोक प्लेस्टेशनचं घड्याळच पुढे करतात. घुबडाची युक्ती, दुसरं काय.

मधले भाग सोडून देतो.

सप्टेंबर २०१५ मध्ये ‘द फँटम पेन’ आला. १९८४ चं अफगाणिस्तान, मोकळं माळरान, सोव्हिएत चौक्या. इथला पहारेकरी शिकतो. तुम्ही डोक्यात गोळ्या घालत राहिलात तर पुढच्या वेळी हेल्मेट घालून येतो. रात्रीच येत राहिलात तर अंधारात बघायचे चष्मे लावतो. १९८७ मध्ये ज्याला तिरकं दिसत नव्हतं त्यानं तुमच्या सवयींचा अभ्यास केलाय! पण याहून मोठी गोष्ट म्हणजे त्याला बेशुद्ध करून कमरेला फुगा बांधायचा आणि सोडून द्यायचा. तो किंचाळत आकाशात जातो आणि थेट तुमच्या समुद्रातल्या तळावर दाखल होतो. मन वळलं की तो तुमचा माणूस. कुणी स्वयंपाकघरात, कुणी शस्त्रं बनवायला. तळावर चक्कर मारली की सलाम ठोकतात.

आणि मग ४३ वी मोहीम. तळाच्या एका इमारतीत संसर्ग पसरलाय, आत अडकलेली आपलीच माणसं. ती वाचणार नाहीत आणि बाहेर आली तर सगळ्यांना बाधा होणार. त्यांना मारायचं काम तुमचं. प्रत्येक गोळीला पडद्यावर ओळ येते, अमुक मेला. नाव तेच, जे तळावरच्या माणसांच्या यादीत तुम्ही वाचलेलं असतं. शेवटच्या खोलीत ते रांगेत उभे राहून सलाम करतात आणि एक सूर गुणगुणतात. आदेश दिलात तर मरू, असं म्हणतात. लपायला जागा नाही, टाळता येत नाही, दुसरा रस्ता नाही. मालिकेनं इतकी वर्षं न मारण्याचं बक्षीस दिलं आणि इथे ते काढून घेतलं. काही समीक्षकांना हा भाग भडक वाटला. भडक आहेच. मला मात्र त्यानंतर पुढची मोहीम लगेच सुरू करता आली नाही.

हा गेम बाजारात यायच्या आधीच कोजिमाचं आणि कोनामीचं बिनसलं होतं. पाकिटावरून त्याचं नाव काढलं गेलं. गंमत अशी की आत, प्रत्येक मोहिमेच्या श्रेयनामावलीत ते नाव येतच राहतं. सिनेमासारखी नावं दाखवायची हौस त्याचीच, ती ऐनवेळी उपटून काढणार कशी? डिसेंबरमध्ये अमेरिकेतल्या पुरस्कार सोहळ्यात गेमला बक्षीस मिळालं, तेव्हा कोनामीच्या वकिलांनी त्याला येऊ दिलं नाही असं सूत्रसंचालकानं मंचावरूनच सांगितलं. त्याच महिन्यात तो बाहेर पडला. शेवटची ५१ वी मोहीम अर्धवटच राहिली. तिची कच्ची दृश्यं महागड्या आवृत्तीच्या जोड-डिस्कवर मिळतात.

२०१८ मध्ये कोनामीनं त्याच्याशिवाय ‘सर्व्हाइव्ह’ काढला. त्यात पहारेकऱ्यांच्या जागी झॉम्बी होते. झॉम्बीवर पाळत काय ठेवायची? त्याला ना कंटाळा ना सर्दी. तो गेम मी विकत घेतला नाही. २८ ऑगस्ट २०२५ ला तिसऱ्या भागाची नवी आवृत्ती आली, ‘डेल्टा’. चित्रं पूर्ण नवी, आवाज मात्र २००४ मध्ये ध्वनिमुद्रित केलेलेच. गोष्टीत काही बदलायची कोनामीला हिंमत झाली नाही, आणि या एका बाबतीत त्यांच्या भित्रेपणाचे आभार मानायला हवेत. कोठडीपर्यंत पोचलात तर बाहेरच्या जॉनीला काहीतरी खायला द्या. तो बायको-मुलाचा फोटो दाखवतो आणि जप्त केलेल्या सिगारेटी परत देतो. त्या सिगारेटींत बेशुद्ध करणारा वायू आहे हे त्याला ठाऊक नसतं. दार उघडायची युक्ती निराळी आहे, ती सांगत नाही.